थोडं कमी

सव्वीस वर्षांनी कंपनीने ठरवलं,
पुन्हा रिळाचा कॅमेरा करायचा.
नवा. दुरुस्त केलेला नव्हे,
कुणाच्या माळ्यावरून उतरवलेला नव्हे.
बैठकीत टाळ्या झाल्या. मग कुणीतरी विचारलं,
रीळ पुढे सरकवणारा खटका कोण करणार?
आणि सगळे आपापल्या चहाकडे बघू लागले.

तळघरात आराखडे सापडले. पेन्सिलीचे, कडा पिवळ्या पडलेले.
दातेरी चाकाच्या तिसऱ्या दाताशी एक बाण,
बाणापाशी दोनच शब्द: थोडं कमी.
किती कमी, ते नाही.
संगणकाला 'थोडं' कळत नाही.
मलाही कळत नव्हतं. मी त्या वर्षी जन्मले
ज्या वर्षी शेवटचा कॅमेरा या इमारतीतून बाहेर पडला.

कुरोगोचींना बोलावणं धाडलं.
वय एकोणऐंशी. सुवा तळ्याच्या वरच्या अंगाला सफरचंदांची बाग.
बसने आले. डबा घरचा, भिंग स्वतःचं,
गळ्यात अडकवायचं ओळखपत्र खिशात कोंबलेलं.
पहिला नमुना त्यांनी डोळ्यांपाशी नेलाच नाही.
कानाशी धरला, अंगठ्याने खटका ओढला,
कर्र, कर्र, टक्.
"फार सोपा जातो."
मी म्हटलं, सोपाच करायचा होता ना?
"अंगठ्याला कळलं पाहिजे,
आपण काहीतरी खर्च केलं."

तेहेतीस नमुने असेच गेले.
एकदा जेवताना मी तो बाण त्यांच्यापुढे सरकवला.
भिंग लावून बसले, भात गार होईतो.
"हे अक्षर माझं नाही."
मग डब्याला झाकण लावत:
"मियासाका. जुळणीच्या बाकावर तिसरी.
आम्ही आकडे द्यायचो, ती कानस घ्यायची.
कॅमेरे आमच्या नावावर गेले."

ओकायाच्या चढावर वृद्धाश्रम. किसा मियासाका, एक्क्याण्णव.
आम्ही कोण, तिला पत्ता नव्हता.
कुरोगोचींना तिने पोस्टमन ठरवलं
आणि पेन्शन उशिरा का, म्हणून झाडलं.
ते मान खाली घालून माफी मागत राहिले,
सगळ्या पोस्टखात्याच्या वतीने.
मी चौतिसावा नमुना तिच्या हातात ठेवला.
बोटं वाकडी झालेली. अंगठा मात्र
अंधारात काडेपेटी सापडावी तसा
थेट खटक्यावर गेला.
ओढला. थांबली. पुन्हा ओढला.
नाक मुरडलं.
काय म्हणाली, ते सांगायला नको.

त्या रात्री मी कानस घेतली.
तिसरा दात. एक हात मारायचा, ऐकायचं.
पुन्हा एक हात.
पहाटे मोजलं: तीन शतांश मिलिमीटर.
आता तो आकडा आराखड्यात आहे,
यंत्र तो पाळतं, दिवसाला दोनशे वेळा, कुरकूर न करता.
शेऱ्याच्या रकान्यात मी तिचं नाव घातलं होतं.
तपासणीत गळलं. जागा पुरत नाही, म्हणाले.
मी पुन्हा घातलं.

कॅमेरा बाजारात आला. किंमत माझ्या अर्ध्या पगाराएवढी.
ओसाकाच्या दुकानात एका पोराने
आधी मागची पाठ बोटाने चोळून पाहिली,
चित्र कुठे उमटतं म्हणून.
लिस्बनहून एका बाईंची तक्रार आहे:
खटका जरासा जड जातो.
उत्तर माझ्या टेबलावर पडून आहे. दोन ओळी लिहून खोडल्या.

यंदाही तळं गोठलं नाही.
कुरोगोची रोज सकाळी काठावर जाऊन बघून येतात,
उधारी मागायला जावं तसे.
तिथेच मी त्यांचा फोटो काढला:
पाणी, लोकरीची टोपी, सफरचंदांची रिकामी पेटी.
डोळे मिटलेले असतील तर मिटलेलेच राहतील.

कसा आला, त्यांनी दोनदा विचारलं.
म्हटलं, रिळात अजून पंधरा बाकी आहेत.